आणीबाणी आणि नळी

धोरणातलं सातत्य शिकायचं तर कॅनडाकडून शिकावं. १७ जून २०१९ रोजी ओटावाच्या संसदेने ‘हवामान आणीबाणी’ जाहीर केली. आणीबाणीत वेळ दवडून कसं चालेल? दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या विस्ताराला मंजुरी दिली.

ही वाहिनी सरकारने आदल्याच वर्षी साडेचार अब्ज कॅनडियन डॉलरना स्वतः विकत घेतली होती. विस्ताराचा खर्च पुढे ३४ अब्जांच्या घरात गेला. पण पुण्यकर्माचा हिशेब का कोणी ठेवतं? तेलातून येणारा पैसा स्वच्छ ऊर्जेत घालू, असं तत्कालीन पंतप्रधान ट्रुडोंनी सांगितलंच होतं. म्हणजे तेल जितकं जास्त, तितकी हिरवाई जास्त. आमची नम्र सूचना अशी, की व्यसनमुक्ती केंद्रांनीही आता आपापला गुत्ता काढावा. गल्ल्यावर समुपदेशकच बसवावा. सुट्टे परत देता देता तो यकृताविषयी दोन शब्द सांगेल. अग्निशमन दलाला काडेपेट्यांची एजन्सी द्यावी.

एप्रिल २०२५ पासून पेट्रोलपंपावरचा कार्बन करही शून्यावर आणला. आणीबाणीत जनतेला तोशीस नको.

आणि यंत्रणा सज्ज नाही, असं कोणी म्हणू नये. जुलै २०२४ मध्ये वणव्याने जास्पर गावातली जवळपास एक तृतीयांश बांधकामं खाक केली. तेलवाहिनी तिथूनच जाते. तिच्या रक्षणासाठी खबरदारी म्हणून पाण्याचे फवारे बसवले होते.

वाहिनी सुखरूप आहे.