काकांची दोन मिनिटं

सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी काढावी लागते. नोटीस फलकावर लागली की बाकीचे सभासद त्या रविवारी कुणाकडे जेवायला जाता येईल ते शोधू लागतात. काका फाइल काढतात.

काका म्हणजे कोणते, हे आमच्या सोसायटीत विचारावं लागत नाही. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल. फाइलीत उपविधींची झेरॉक्स, तिच्यावर तीन रंगांच्या खुणा. पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली जात असतानाच ते पहिल्या रांगेत, माइकच्या हाताशी येऊन बसतात.

"मी फक्त दोन मिनिटं घेणार आहे," असं म्हणून ते उठतात. विषय असतो पाण्याच्या टाकीचा. काका १९६० च्या सहकार कायद्यापासून निघतात आणि बिल्डर, कन्व्हेयन्स डीड, सिंकिंग फंड, भाडेकरूंचे कुत्रे अशी सगळी स्टेशनं घेत टाकीपाशी पोचतात, तोवर चहा थंड झालेला असतो. कुणी घड्याळ दाखवलंच, तर "बोलू द्या, मी थकबाकीदार नाही," हे उत्तर तयार असतं.

मागची रांग हाताची घडी घालून बसते. ती बोलते सभा संपल्यावर, लिफ्टपाशी. तिथे प्रत्येक जण फर्डा वक्ता. "मी उठणारच होतो, पण म्हटलं, जाऊ दे." जाऊ देण्याला कारणही तसंच आहे. आमच्याकडे सूचना करणाऱ्याला "छान! मग तुम्हीच बघा ना ते," असं ऐकावं लागतं. जिन्यातला दिवा बदलायला हवा असं एकदा बोलून गेलेला दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आता लग्न होऊन बाप झाला, तरी दिवे तोच बघतो. त्यामुळे काकांना नावं ठेवत असलो, तरी ते बोलतात तोवर आपल्या गळ्यात काही पडत नाही, हे सगळे जाणून आहेत.

यंदा सेक्रेटरी झाल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकू. त्यांनी जाहीर केलं, "सुरुवात शेवटच्या रांगेपासून. प्रत्येकाला एक मिनिट. काका, तुम्ही सर्वांत शेवटी. आणि जो बोलेल त्याच्यावर काम टाकायचं नाही, ही माझी हमी."

ठराव होता नवा पंप घेण्याचा. तळमजल्यावरच्या आजी आजवर सभेत "मला बिनसाखरेचा" एवढंच बोललेल्या. त्या म्हणाल्या, "पहाटे चारला टाकी वाहते. रोज. मला झोप कुठे असते!" तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर खाकरले. "मग पंपाला काही झालेलं नाही. फ्लोट अडकत असणार." प्लंबर वर चढला. फ्लोटच अडकला होता. नव्या पंपाचे पैसे वाचले. दोघांना आधी का विचारलं नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांची पाळी आली. "माझे मुद्दे येऊन गेले," म्हणत त्यांनी फाइल मिटली. मागच्या रांगेत कुणीतरी घाबरून पाणी मागवलं.

चहाच्या वेळी त्यांच्या सौभाग्यवतींनी खुलासा केला. "ह्यांची सगळी नोकरी मीटिंगमध्ये साहेबांच्या मागे फाइल धरून उभं राहण्यात गेली. आकडे ह्यांना पाठ, बोलायचे साहेब. ह्यांना कधी कुणी काही विचारलंच नाही. तेव्हापासून साठलंय. अजून निम्मंही झालेलं नाही."

मग फ्लोटच्या दुरुस्तीच्या मंजुरीसाठी पुन्हा सभा बोलवावी लागली. बोलायची सक्ती होते हे कळल्यामुळे मागची रांग आलीच नाही. गणपूर्तीला दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे काही जमेनात. अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्यानंतर गणपूर्तीची अट राहत नाही. हा नियम उपविधी न वाचलेल्यांनाही तोंडपाठ असतो. म्हणूनच ते अर्ध्या तासाने उगवतात.

काकूंनी शांतपणे माइक काकांच्या हातात दिला. "अर्धा तास तुमचा."

समोर आजी, वॉचमन आणि बाकी रिकाम्या खुर्च्या. काका १९६० पासून निघाले. कुणी घड्याळ दाखवलं नाही. आजींनी मधे दोन प्रश्नही विचारले आणि काका इतके खूश झाले, की पहिल्यांदाच वेळेच्या आत टाकीपाशी पोचले. तेवढ्यात मागची रांग आली. काका खाली बसले आणि काकूंना म्हणाले, "हे सगळं इतिवृत्तात घ्या."

"काका, सभा तहकूब असताना बोललेलं इतिवृत्तात येत नाही."

काकांनी सावकाश फाइल उघडली. "कुठल्या उपविधीत लिहिलंय?"