भिंतीवरच्या गुप्तरोगतज्ज्ञांस खुलं पत्र

महोदय,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ मुद्द्यालाच हात घालतो. तुमचा पत्ता शोधावा लागला नाही. लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतींवर तुम्ही आहात, एसटी स्टँडच्या मुतारीत डोळ्यांसमोर चिकटवलेल्या कागदावर आहात, आणि सकाळच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतही आहात. दर महिन्याच्या ठरलेल्या वारी, स्टँडसमोरच्या लॉजवर, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. रूम भाड्याची, पदवी कोणत्या विद्यापीठाची ते कुठेच लिहिलेलं नाही, गॅरंटी मात्र शंभर टक्के. हल्ली तर पांढरा कोट चढवून तुम्ही रीलमधूनही बोलता.

तुमची खरी करामत औषधात नाही, रोग तयार करण्यात आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होतं. वयात येताना हे होतंच. तुम्ही त्याला सांगता, धातू जातोय, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वाया चाललाय. हा हिशेब तद्दन खोटा आहे. वीर्य रक्त आटवून होत नाही. त्याचा बहुतांश भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, आणि शुक्रजंतू वृषणांत रोज नव्याने तयार होत राहतात. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही, कंबर खचत नाही, नजर जात नाही. पण तुमची जाहिरात वाचलेला मुलगा खरोखरच खंगतो. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, लघवीत काही पांढरं दिसतंय का हे तो रोज बघत बसतो. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. त्या पोराला झालेला आजार भीतीचा आहे. ती भीती तुम्ही घातलीत, आणि आता तिच्यावरच चाळीस दिवसांचा कोर्स विकताय.

पन्नाशीतला माणूस तुमच्या तावडीत सापडला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. ताठरता कमी होणं ही पुष्कळदा मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्या अरुंद होत चालल्याची खूण असते. हृदयविकाराचं दुखणं उघड होण्याच्या काही वर्षं आधीही ती दिसू शकते. जाणता डॉक्टर अशा माणसाची साखर आणि रक्तदाब आधी तपासतो. तुम्ही नाडी धरता आणि पुडी देता. त्या पुडीत काय असतं? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिल वारंवार पकडलं आहे. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातला घटक. डॉक्टरच्या देखरेखीखाली ते उपयोगी औषध आहे. पण छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं, तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस दगावू शकतो. तुमच्या पुडीवर घटकांची यादी नसते. लॉजवर आलेल्या एकाला तरी ‘तुम्ही सॉर्बिट्रेट घेता का’ असं तुम्ही कधी विचारलंत?

तुम्हाला ही मोकळी जागा आम्हीच करून दिली, हेही इथेच नोंदवतो. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात शास्त्राच्या आधाराने उत्तरं देत होते. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबईच्या कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले, तरीही कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे २००७ साली लोकप्रतिनिधींनी संस्कृतीच्या नावाने गदारोळ केला आणि किशोरवयीन मुलांना शरीराची माहिती देणारा कार्यक्रम राज्यातल्या शाळांत बंद पाडला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने टीव्हीवाल्यांना सांगितलं की कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळात दाखवा. हे बंधन फक्त उत्तान जाहिरातींना आहे, असा खुलासा मागाहून आला. ज्या साधनाने एचआयव्हीचा संसर्ग टळतो, त्याच्या जाहिरातीवर घड्याळ बसलं. तुमची भिंत चोवीस तास उघडी राहिली. मुलांवर वाईट परिणाम होईल म्हणून ज्यांनी शाळांतला तो कार्यक्रम बंद पाडला, त्यांच्यापैकी किती जणांनी तुमची भिंत पुसायला सभागृहात तोंड उघडलं?

कायदा नाही, असंही नाही. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्याच्या तिसऱ्या कलमाने थेट बेकायदा ठरते. नपुंसकत्व आणि गुप्तरोग त्याच्या परिशिष्टात आहेत. जाहिरात म्हणजे फक्त छापील कागद नव्हे, वेष्टनही आणि तोंडी केलेली घोषणाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद, दंड किंवा दोन्ही. ती वाढवण्याचा मसुदा २०२० मध्ये निघाला, पण त्याचा कायदा झाला नाही. तुमचा निर्धास्तपणा त्या तोकड्या शिक्षेत आहे, आणि तुमचा गिऱ्हाईक लाजेपोटी पोलिसांकडे जाणार नाही या खात्रीत आहे. फसलेल्या माणसाची लाज हे तुमचं सर्वांत मोठं भांडवल. तुमच्याइतका नीच हिशेब दुसऱ्या धंद्यात क्वचितच सापडेल.

वाचकांना एवढीच विनंती. घरातल्या मुलाने विचारलं तर डोळे वटारू नका, त्याला खरी माहिती द्या, आणि शंका असेल तर सरकारी रुग्णालयात घेऊन जा, तिथे केसपेपर काढून साधी तपासणी होते. अशी जाहिरात दिसली की फोटो काढा, तारीख टाका आणि आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्राचंही नाव घाला. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणताही भाग घेणारा माणूस त्या तिसऱ्या कलमाखाली दोषी ठरतो.