मेकॅनिझम एकच, फक्त 88 वेळा

प्रत्येक सोसायटीत एक काका असे असतात की बिघडलेली वस्तू त्यांच्यापासून लपवावी लागते. मिक्सर, गिझर, लिफ्टचं दार उपसून झालं की त्यांची नजर तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या उभ्या पियानोवर पडते. मुंबईतला जुलै, मुलीची परीक्षा तोंडावर, आणि एक पट्टी दाबली की खालीच राहते. ट्यूनर वांद्र्याहून येईल तेव्हा येईल. काका जिन्यातच असतात.

"सूनबाई, टॉर्च धर. मेकॅनिझम एकच गं, फक्त 88 वेळा!"

निदान खरं तर सोपं असतं. हातोडी मागे येऊनही पट्टी खालीच राहिली, तर बहुधा पट्टीच्या भोकातलं फेल्ट दमट हवेने फुगलेलं. पट्टी सुटी असून हातोडीच तारेपाशी रेंगाळली, तर दोष तिच्या बिजागरीत. तिथे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पिन असते. काका मात्र बारा नंबरचा पाना घेऊन आलेले.

उभ्या पियानोत हातोडी आडवी मारते. परत यायला तिला वजनाची फारशी मदत नसते, म्हणून स्प्रिंग आणि छोटी फीत. काका सगळा सांगाडाच पुढे ओढतात. जुन्या फिती हात लागताच तुटतात. "कुजक्याच होत्या," हा निकाल लगेच लागतो. मग खिशातून शिलाई मशीनचं तेल निघतं. फेल्ट ते आनंदाने पितं, फुगतं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार हातोड्याही संपात सामील होतात.

ट्यूनर येतो, वास घेतो आणि फक्त विचारतो, "तेल कोणी घातलं?" अडकलेली पट्टी तो खास पकडीने फेल्ट किंचित दाबून दोन मिनिटांत मोकळी करतो. दोन दिवस जातात काकांच्या दुरुस्तीची दुरुस्ती करण्यात. दमट हवेवर उपाय म्हणून आत, फेल्टपासून लांब, छोटा जुन्या पद्धतीचा बल्ब लावायला तो सांगून जातो. काका एलईडी लावतात. वीज वाचते! तो तापत नाही, ही बाब गौण.

तेव्हा घरात पियानो असेल, तर पावसाळ्यात त्याच्यावर चादर टाका आणि काकांनी विचारलंच, तर कपाट आहे म्हणून सांगा. फक्त कपाटाचं दार कुरकुरतं, असं चुकूनही बोलू नका.