मा. कमाल मर्यादा २५६ केबी यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. कमाल मर्यादा (२५६ केबी),
अपलोड विभाग, मुक्काम सर्व्हर.

विषय: कागदपत्र अस्पष्ट असल्याचा शेरा मारून अर्ज परत पाठविल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, ज्या दाखल्यावरचा शिक्का वाचता येत नाही म्हणून अर्ज परत जातो, तो शिक्का पुसला कुणी याची एकदा चौकशी व्हावी. अर्जदाराच्या हातात असतो तोवर दाखला धडधाकट असतो. त्यावर गोल शिक्का असतो, जावक क्रमांक असतो, तहसीलदारांची सही असते. मग तो स्कॅन होऊन आपल्या दारी येतो, ‘फाइलचा आकार जास्त आहे’ ही लाल ओळ बघतो आणि चौकातल्या सायबर कॅफेत केबी कमी करायला जातो. ‘पीडीएफ कॉम्प्रेस करून मिळेल’ ही पाटी आता ‘झेरॉक्स’च्या शेजारी लागते, हा जोडधंदा उभा केल्याबद्दल आपले आभार मानलेच पाहिजेत. तिसऱ्या-चौथ्या दाबणीत दाखला आपल्या मापात बसतो. तोवर शिक्क्याचा जांभळा डाग झालेला असतो आणि जावक क्रमांकातला ५ आहे की ६, हे देवालाही सांगता येत नाही. यथावकाश छाननीच्या टेबलावरून शेरा येतो: कागदपत्र अस्पष्ट, पुन्हा अपलोड करावे. पुन्हा करायचे ते आपल्याच दारी, आणि त्याच मापात.

हिशेब मांडून पाहू. ए-फोर पान ३०० डीपीआयने स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर ठिपक्यामागे ३ बाइट धरून कच्ची फाइल २६ एमबीच्या आसपास जाते. जेपेगने ती एक-दोन एमबीपर्यंत सुखाने उतरते आणि वाचणाऱ्याला फरक कळत नाही. त्यापुढची प्रत्येक दाबणी मात्र अक्षरातून वसूल होते. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धत मुळात छायाचित्रांसाठी आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि चौकोनातले बारीक चढउतार टाकून देते. आभाळाच्या फोटोत कुणाला पत्ता लागत नाही. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षराला मात्र कडेने धुरकट कचरा चिकटतो आणि अनुस्वार, रफार, ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ असे बारीकसारीक आधी जाते. मराठी माणसाच्या नावात आणि आडनावात याच गोष्टी असतात. नावात फरक आढळला की कसले प्रतिज्ञापत्र लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच.

यातही आपली खरी मेहेरनजर आहे ती जुन्या कागदांवर. महाराष्ट्रात जातीचा पुरावा द्यायचा तर अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा कागद शोधावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, नाहीतर घडीवर फाटलेला शाळा सोडल्याचा दाखला. शाई विटलेली आणि कागद तपकिरी. अशा कागदाला केबी जास्त लागतात, कारण कागदाचा पिवळेपणा, घड्यांच्या रेघा आणि चहाचा डाग हाही जेपेगच्या लेखी तपशीलच असतो आणि वाट्याला आलेल्या केबीतून आधी तोच हिस्सा उचलतो. कालच छापलेला संगणकी दाखला आपल्या मापात आरामात बसतो. सत्तर वर्षांपूर्वीचा बसत नाही. मग सायबर कॅफेवाला म्हणतो, ब्लॅक अँड व्हाइट करू. तसे केले की फाइल एकदम हलकी होते हे खरे, पण तेव्हा प्रत्येक ठिपका एकतर काळा ठरतो किंवा पांढरा. फिकट जांभळी शाई सरळ पांढऱ्यात जमा होते आणि मुख्याध्यापकांचा शिक्का कागदावरून उठून जातो. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या एकच कागद जपला गेला, त्यांच्याच कागदावर आपला वरवंटा सगळ्यात जोरात फिरतो.

आपल्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, जागा. लाखो अर्ज येतात, सर्व्हरवर मावणार कसे? तर १० लाख अर्ज धरा, प्रत्येकाला १० कागद आणि कागदाला १ एमबी द्या. एकूण होतात १० टेराबाइट. एवढ्या क्षमतेची हार्ड डिस्क एका हातात मावते. सरकारी डेटा सेंटरमधली साठवण महाग असते, तिच्या दोन-तीन प्रती ठेवाव्या लागतात, हे मान्य; तरीही ज्या योजनांचा खर्च कोटींत मोजतात, त्यांच्या ताळेबंदात ही रक्कम शोधावी लागेल. आणि कंजुषी तरी सक्तीची आहे का? जगातली निम्म्याहून अधिक संकेतस्थळे ज्या पीएचपी या संगणकभाषेवर चालतात, ती काही न बदलता बसवली तरी २ एमबीची फाइल घेते. म्हणजे कुणीतरी मुद्दाम बसून तो आकडा खाली आणला आहे. आयकर खात्याच्या पोर्टलवर एका जोडपत्राला ५ एमबीपर्यंत मुभा आहे. करदात्याच्या कागदाला जी जागा मिळते ती शिष्यवृत्ती मागणाऱ्याच्या कागदाला मिळत नाही, असा याचा अर्थ कुणी काढला तर त्याला काय उत्तर देणार?

दुसरी गोष्ट खेड्यातल्या नेटवर्कची. मोबाइलने काढलेला चार एमबीचा फोटो गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरून चढणार नाही, हे खरे आहे आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण त्याचा इलाज दार अरुंद करणे हा नव्हे. फोटो पाठवण्यापूर्वीच ब्राउझर तो फोनवर लहान करू शकतो, अक्षर वाचता येईल इतपत ठेवून. हे काम पोर्टलने करायचे आहे, अर्जदाराने नव्हे. आज होते ते उलट. त्याच पाड्यावरचा मुलगा तोच फोटो आधी कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर चढवतो, तिथून लहान होऊन आलेली फाइल उतरवून घेतो आणि मग आपल्याकडे चढवतो. त्याचा डेटा वाचला नाही, वाढला. शिवाय त्याचे आधार आणि बापाचा उत्पन्नाचा दाखला परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून आला. अशांपैकी एक लोकप्रिय सेवा बार्सिलोनाची, दुसरी स्वित्झर्लंडची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपण २०२३ मध्ये केला, हे इथे नोंदवून ठेवतो. तिसरी गोष्ट, छाननी करणाऱ्या लिपिकाला जड फाइली उघडायला वेळ लागतो. अस्पष्ट फाइल उघडून, डोळे बारीक करून, शेरा लिहून, तीच फाइल पुन्हा तपासायला किती लागतो?

किमान मर्यादेबद्दल बोलायलाच नको. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर १५ ते २५६ केबी, दाखल्यांच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर ७५ ते ५०० केबी, सरकार एकच. ७५च्या वर न्यायला लोक फाइलला कोरे पान जोडतात.

आता हे ‘आपण-आपण’ पुरे झाले. तुमच्यामुळे सरकार स्वतःचीच सही खोटी पाडते आहे, हे तुमच्या ध्यानात तरी आले आहे का? डिजिटल स्वाक्षरीला या देशात २००० सालच्या कायद्याने मान्यता आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला. ही स्वाक्षरी त्या फाइलच्या एकेका बाइटशी बांधलेली असते. फाइल मापात बसवायला कॉम्प्रेस केली की बाइट बदलतात आणि स्वाक्षरी तुटते. तलाठी चावडीवर न जाता मिळालेला अस्सल कागद तुमच्या दारात चुरगळून बिनसहीचा करायचा, वर त्याची छापील प्रत काढून पुन्हा स्कॅन करा म्हणायचे, याला कारभार म्हणतात? मग डिजिटल स्वाक्षरीवर खर्च केला कशाला?

खरे तर राग तुमच्यावर काढून उपयोग नाही. तुमची नेमणूक कुणी केली हे आता कुणाला आठवत नसेल. एका निविदेतून दुसऱ्या निविदेत तुमची नक्कल होत गेली. फायलीवर टिपण नाही, बदली नाही, निवृत्तीही नाही. गेल्या कित्येक वर्षांत तुम्ही अमुकच का, असे कुणी विचारलेले नाही. एका ओळीतला एक आकडा बदलून तुमची सुटका होईल. तो ज्याच्या अखत्यारीत आहे त्या अधिकाऱ्याला विनंती: मोजमाप केबीचे नको, अक्षर वाचता येते की नाही याचे ठेवा; मूळ फाइल जशी आहे तशी घ्या, लहान प्रत तुमच्या सर्व्हरला करू द्या; स्वाक्षरी असलेल्या पीडीएफला तर हातच लावायला सांगू नका.

पत्र खुले आहे म्हणून वाचकांनाही एक सांगणे. कॉम्प्रेस केलेली फाइल वेगळ्या नावाने जतन करा. ३०० डीपीआयचा मूळ रंगीत स्कॅन आणि स्वाक्षरीची मूळ पीडीएफ पुसू नका. अर्ज अस्पष्ट म्हणून परत आला, तर दाखवायला तुमच्याकडे तेवढेच राहते.

आपला,
एक अर्जदार