अंधाराच्या घाऊक व्यापाऱ्यास खुले पत्र

रा. रा. रीलस्टार महोदय यांसी,

स. न. वि. वि.

अकोले तालुक्यावर आपले उपकार फार. कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण आपण ड्रोन उडवून त्याला ‘हिडन जेम’ म्हणेपर्यंत ते आम्हाला तरी कुठं दिसलं होतं! रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ शेकडो वर्षं उभं आहे. ते ‘कुणालाच माहीत नाही’ हे आपल्यामुळे लाखो लोकांना कळलं.

पण खरा उपकार अंधाराचा. आजवर लाईट गेली की आम्ही वायरमनला फोन लावायचो, रस्त्यावर दिवा नाही म्हणून ग्रामसभेत भांडायचो. मे सरता सरता हिरड्या-बेहड्यावर, सादड्यावर काजवे लुकलुकायचे, त्याचा पैसा होतो हे आम्हा अडाण्यांना ठाऊक नव्हतं. आपण पॅकेज बांधलंत: तंबू, बार्बेक्यू, डीजे आणि काजवे. अंधार बाजारात आला आणि गिऱ्हाईक दिवे लावून तो घ्यायला आलं!

शनिवारी रात्री शेंडी-घाटघर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, सगळ्यांचे हेडलाईट चालू. नर काजवा लुकलुकून मादीला साद घालतो, ती लुकलुकूनच उत्तर देते. पंख फुटल्यावर आयुष्य उरतं ते जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. तेवढ्यात सोयरीक जमवायची. एवढ्या उजेडात त्याची साद तिला दिसत नाही, पण त्यात आपला काय दोष? धंद्यात उतरलेल्या काजव्याला एलईडीशी स्पर्धा जमायला हवी. ओल्या गवतातल्या माद्या, त्यांची अंडी बुटाखाली गेली, तर त्याला ‘नेचर कनेक्ट’ म्हणतात, असं तंबूवाल्यानं सांगितलं.

एक तक्रार मात्र पोचवायला हवी. पाहुणे झाडाखाली उभे राहून म्हणतात, “रीलमध्ये तर खूप होते!” आपण एकाच झाडाचे कितीतरी फोटो एकावर एक चढवलेत, हे झाडाला कुठं ठाऊक? पुढच्या वर्षी गणपतीतल्या लाईटच्या माळाच सोडू म्हणतो. काजव्यांची कटकट नको.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. तिथं शांतता पाळायची असते, हे पाहुण्यांना माहीत असतं. एकमेकांना ते ओरडून सांगतात.

आता थोडं सरळ बोलतो. पाहुण्यांमुळे पोरांना चार पैसे मिळतात, पिठलं-भाकरी खपते, वाटाड्याला काम मिळतं. म्हणून येऊ नका म्हणवत नाही. पण थोडे या, गाडी लांब सोडा, आमच्या माणसाबरोबर पायी चला, बॅटरी-मोबाईल खिशात ठेवून गप बसा. पॅकेजचा पैसा शहरात आणि बाटल्या शिवारात, ही वाटणी तेवढी बदला. असलं रील चालणार नाही, याची कल्पना आहे.

कळावे, लोभ असावा. थोडा कमी असला तरी चालेल.

आपला,
धरणाच्या वरच्या अंगाचा एक गावकरी

ता. क. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचं पाणी कालव्यानं खालच्या उसाला जातं. ऐन काजव्यांच्या दिवसांत वरच्या काही वाड्यांवरच्या बाया मात्र हंडे घेऊन पाणी शोधत असतात. एक रील त्यांच्यावरही करा. लोकेशन बिनधास्त टाका. तिथं गर्दी झाली तर आमची काही हरकत नाही. येताना टँकर तेवढा आणा.