आमच्या राजची नजर

1995च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट आमच्या आपटा स्टेशनात चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातलं स्टेशन आहे, पण रोह्याच्या गाडीने ये-जा करणारे आम्ही थोडेच फसणार! त्याच फलाटावर सापडलेल्या पिल्लाचं नाव मुलांनी राज ठेवलं. सिनेमातल्या राजला ‘ती’ वळून बघेल की नाही याची धाकधूक होती. आमच्या राजकडे कधीही वळून बघा, तो आधीपासून बघतच असतो.

मी पेपर वाचतो, तो मला वाचतो. मी दाढी करतो, तो उंबऱ्यावर बसून देखरेख करतो. शेजारच्या काकू म्हणतात, “गेल्या जन्मीचा सावकार असणार तुमचा!”

तव्यावर सुका बोंबील पडला की मात्र बघण्यासारखं असतं. उजवा कान ताठ, जबड्याच्या कडेला लाळेची तार. नजर आधी बोंबलावर, मग माझ्या हातावर आणि शेवटी माझ्या तोंडावर येऊन ठाण मांडते. हंगेरीतल्या मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी 2003 साली माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांच्यापुढे मांस ठेवलं, पण ते हाती लागू नये अशी सोय केली. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी जराशी खटपट केली आणि माणसाकडे पाहिलं. अडलेलं काम साहेबांच्या टेबलावर सरकवायचं! उभी हयात कचेरीत गेल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

2015 साली जपानी संशोधकांना आढळलं, की कुत्रा आणि मालक बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाची माया घट्ट करणारं तेच हे रसायन. मी हे कौतुकाने घरात वाचून दाखवलं. ही म्हणाली, “माझ्याकडे कधी बघितलंत इतका वेळ?” विज्ञानाचा विषय तिथेच मिटला.

आईचं मत वेगळं. “दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री बघ. ती मागतात का बोंबील?”

आणि तो चप्पल फाडल्यावरचा ‘अपराधी’ चेहरा! अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली दाखवून दिलं, की कुत्रा तसा चेहरा करतो तो आपण ओरडलो म्हणून. गुन्हा केलेला असो वा नसो. त्यात भुवयांची आतली कडा उचलणारा स्नायू कुत्र्यांकडे चांगला भरलेला, लांडग्यांकडे जेमतेम. म्हणजे हजारो वर्षं आपण या बिचाऱ्या चेहऱ्याला भुलत आलो आणि बोंबील देत आलो. माझं मत विचाराल तर त्या बघण्यात माया आहेच, पण बोंबलाचा वाटा मोठा.

स्टेशन बघायला आपट्याला आलात तर जरूर घरी या. फक्त फाटकातून राजच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. परक्या माणसाने रोखून बघितलं तर कुत्र्याला ते आव्हान वाटतं. शेजारच्या काकूंकडे बघा आणि हाक मारा, मी येतो.