कोणता अँटेना, किती वाजता?

“डेटा खराब आला आहे, कृपया बघावे.” पत्रात मजकूर एवढाच. खाली सही असते, पद असतं, संस्थेचं पूर्ण नाव असतं, इमारतीचा मजलासुद्धा असतो. निरीक्षण कोणत्या तारखेचं, कोणत्या बँडमधलं, बिघाड कोणत्या अँटेनावर दिसला आणि किती वाजता, यातलं काही नसतं. रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना मदत करणं हे माझं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच या पत्राबद्दल तक्रार करायचा मला अधिकार आहे असं मी समजतो.

नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी दुर्बीण आहे, ती म्हणजे एक यंत्र नव्हे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. त्यांतले १४ मधल्या चौकात, साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये, आणि उरलेले १६ पूर्व, पश्चिम व दक्षिण अशा तीन भुजांवर, शेतांमधून आणि गावांच्या कडेने पसरलेले. दोन टोकांच्या अँटेनांमध्ये २५ किलोमीटरपर्यंत अंतर पडतं. मापन होतं ते दोन-दोन अँटेनांच्या जोडीने, आणि ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. या ४३५ जोड्यांपैकी कुठे, हजारो चॅनेलांपैकी कोणत्या, आठ तासांपैकी कोणत्या मिनिटाला ‘खराब’, हे न सांगता बघायचं म्हणजे काय बघायचं? चौकातल्या अँटेनांना सी, भुजांवरच्यांना ई, डब्ल्यू आणि एस अशी अक्षरं आणि पुढे आकडे आहेत. ‘डब्ल्यू०६चं एक पोलरायझेशन पहाटे तीननंतर गेलं’ असं कुणी लिहिलं की कंट्रोल रूमची नोंद काढता येते, ऑपरेटरला विचारता येतं, फायबरचा दोष की सर्वोचा, म्हणजे अँटेना वळवणाऱ्या यंत्रणेचा, हे ठरवता येतं. ज्यांचा प्रबंध दहा दशांश स्थळांपर्यंत अचूक असतो, त्यांना पत्रात अँटेनाचा क्रमांक लिहिणं जड जाऊ नये.

वेळेबद्दलही मला बोलायचंय. आकाश आपल्या घड्याळाने फिरत नाही. तारा आज जितक्या वाजता डोक्यावर आला, त्याच्या साधारण चार मिनिटं आधी तो उद्या येतो. महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. म्हणून दुर्बिणीचं वेळापत्रक नाक्षत्र वेळेवर बेतावं लागतं. हे खगोलशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. तरीही आमच्याकडे येणाऱ्या विनंत्यांमध्ये नाक्षत्र वेळ, ग्रीनिचची वेळ आणि आपली भारतीय वेळ एकाच तक्त्यात, कोणती कुठली ते न लिहिता, शेजारीशेजारी बसलेल्या असतात. मग रात्री फोन येतो की सोर्स दिसत नाही. दिसत नाही, कारण तो मावळलाय. अँटेना क्षितिजापासून १७ अंशांच्या खाली झुकू शकत नाहीत. ते लोखंडाचं बंधन आहे, आमच्या मर्जीचं नाही. परदेशातून काम करणाऱ्यांनी घड्याळात घोळ घातला तर मी समजून घेतो. पुण्यात बसलेल्यांनी घातला की मला वाईट वाटतं.

कॅलिब्रेटर गाळणं मात्र मी समजून घेऊ शकत नाही. निरीक्षणाच्या सुरुवातीला, शेवटी आणि अधूनमधून ज्यांची तीव्रता पक्की माहीत आहे अशा स्रोतांकडे अँटेना वळवावे लागतात. ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ ही त्यांतली नेहमीची नावं. काटा शून्यावर आणल्याशिवाय मोजलेल्या वजनाला भाजीबाजारातही कुणी मान्यता देत नाही. तरीही कमांड फाइलमध्ये वेळ वाचवायची म्हणून शेवटचा कॅलिब्रेटर काढून टाकलेला दिसतो. अँटेना तिकडे वळून परत यायला लागणारी मिनिटं त्यांना वाया गेल्यासारखी वाटतात. दहा मिनिटं वाचतात आणि आठ तासांच्या मापनाचा भरवसा जातो. नंतर हेच लोक वेळ परत मागतात. वर्षाला निरीक्षणाची दोनच सत्रं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दुर्बिणीवरच्या वेळेसाठी जितके तास मागितले जातात तितके उपलब्ध नसतात; प्रत्येक प्रपोजल समितीपुढून जातं. तुम्ही परत मागितलेले आठ तास दुसऱ्या कुणाच्या तरी पदरातून काढलेले असतात, आणि तो दुसरा बहुतेक वेळा पीएचडीचा विद्यार्थी असतो.

आता मोबाइल. रेडिओ खगोलशास्त्रात तीव्रता मोजण्याचं एकक जान्स्की आहे. एक जान्स्की म्हणजे एक वॅटला दहाने सव्वीस वेळा भागायचं आणि तेवढी शक्ती एक चौरस मीटरवर, एक हर्ट्झच्या पट्ट्यात पडते असं समजायचं. जीएमआरटीवर त्याच्याही लाखाव्या भागाइतके क्षीण स्रोत शोधले जातात. तुमच्या खिशातला मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तरी तो रेडिओ आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांमध्ये गणला जाईल. आणि तुम्ही तो चंद्रावर नव्हे, अँटेनाखाली उभे राहून सेल्फीसाठी काढता. पाहुण्यांना फोन बंद करायला सांगितलं की ते ‘सायलेंटवर आहे’ म्हणतात. सायलेंटवर ठेवलेला फोन टॉवरशी बोलायचं थांबत नाही, फक्त तुमच्याशी बोलायचं थांबतो. मनगटावरचं घड्याळ, कानातली बिनतारी बोंडं, गाडीची रिमोट किल्ली, मुलाच्या बुटातले लुकलुकणारे दिवे: यांतली कोणतीही वस्तू आपल्याला लागू नाही असं प्रत्येकाला वाटतं. सर्वांना लागू आहे.

ही जागा मुळात निवडली ती इथे गोंगाट कमी म्हणून. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मीटर तरंगलांबीची दुर्बीण बांधायचं ठरवलं, कारण या लांबीच्या लहरींवर पाश्चात्त्य देशांत माणसांच्या प्रक्षेपणांचा कल्ला फार होता आणि भारतात तो कमी होता. पैसा कमी, म्हणून तबकडी पत्र्याची न करता पोलादाच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो. इतक्या विचाराने केलेल्या वस्तूची आणि इतक्या विचाराने शोधलेल्या शांततेची आपण गेल्या वीस वर्षांत काय गत केली, याबद्दल मला राग आहे.

उदाहरणच देतो. २०१८-१९च्या सुमारास दुर्बीण अद्ययावत झाली आणि एका वेळी पूर्वीच्या ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ऐकता येऊ लागला. ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा एक बँड आहे. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर जी लहर सोडतो, ती दूरच्या दीर्घिकेतून येताना विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन या बँडमध्ये येते. २०२०मध्ये याच दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांतला हायड्रोजन मोजला. पुढे ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर मिळाली, हे २०२३मध्ये जाहीर झालं. आता याच बँडमध्ये, ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झवर, ५जी मोबाइल टॉवर बोलतात. हिशेब केला तर सुमारे सात अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी नेमक्या तिथे येतात. विश्वाच्या इतिहासातलं एक पान तेवढ्या पट्ट्यात झाकलं जातं. खाली ३६० ते ३८०वर लष्करी दळणवळण उपग्रह, वर ११७६ आणि १२२७वर दिशादर्शक उपग्रह. त्यांच्याशी भांडता येत नाही. तेवढे चॅनेल फ्लॅग करायचे, म्हणजे फेकून द्यायचे, आणि उरलेल्यावर काम करायचं.

विजेच्या तारांशी मात्र भांडता येतं. खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला, तारेचा जोड ढिला झाला, की तिथे सूक्ष्म ठिणग्या पडत राहतात. शेतकऱ्याचा पंप त्यावर चालतो, घरात दिवा लागतो, म्हणून कुणाचीच तक्रार नसते. पण ती ठिणगी कमी फ्रीक्वेन्सीच्या बँडमध्ये सगळीकडे पसरते. मग आमचे लोक हातात दिशादर्शक अँटेना घेऊन बांधाबांधाने खांब शोधत फिरतात. आमच्या जुन्नर तालुक्यात संध्याकाळनंतर उसाच्या कडेने चालायचं म्हणजे बिबट्याचा विचार डोक्यात ठेवून चालावं लागतं. खांब सापडला की लाइनमनला सांगायचं, तो येऊन जोड आवळतो, आणि १५० मेगाहर्ट्झवरचा आलेख स्वच्छ होतो. डेटाच्या प्रक्रियेत आता जागच्या जागी असे झटके ओळखून गाळणारी यंत्रणा आहे आणि ती चांगली चालते. पण ती आहे म्हणून खांब दुरुस्त करायचा नाही, हे मला पटत नाही. गाळलेला प्रत्येक झटका म्हणजे गेलेलं मापन आहे.

गावकऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांबद्दल तर मी स्पष्टच बोलतो. शहरातून आलेला पाहुणा ‘इथल्या लोकांना समजावणं कठीण असेल नाही?’ असं विचारतो आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरच्या पिशवीत ड्रोन असतो. खोडदच्या लोकांनी या दुर्बिणीसाठी आपल्या गावात काय येऊ शकत नाही हे वर्षानुवर्षं सोसलंय. राष्ट्रीय विज्ञान दिनाला इथे प्रदर्शन भरतं तेव्हा आसपासच्या शाळांची मुलं जे प्रश्न विचारतात, ते मी परिषदांमध्येही ऐकले नाहीत. पुणे–नाशिक रेल्वेच्या मूळ आखणीला दुर्बिणीमुळे हरकत आली, तेव्हा तालुक्यात नाराजी झाली. ती मला रास्त वाटते. टोमॅटो आणि द्राक्षं बाजारात न्यायला रेल्वे हवी असणं हा विज्ञानविरोध नव्हे. पण ‘काय ते दोन तवे हलवा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ३० अँटेना आणि जमिनीखालून त्यांना जोडणारं फायबर हलवता येत नाही, आणि धावत्या विद्युत रेल्वेच्या ठिणग्या खांबावरच्या जोडासारख्या आवळता येत नाहीत.

‘यातून मिळतं काय?’ असंही विचारतात. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून थेट ऐकला तो खोडदच्या अँटेनांनी. यान उतरण्याच्या थोडं आधी संदेश थांबला, आणि काहीतरी बिघडलंय ही पहिली खूण इथून गेली. २०२३मध्ये पल्सार ताऱ्यांच्या नियमित रेडिओ ठोक्यांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, त्यातही इथल्या नोंदी होत्या. अशी मापनं पुन्हा घेता येत नाहीत. त्या क्षणी कुणाच्या खिशात काय चालू होतं, याला म्हणून महत्त्व आहे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा गेला की अँटेना आकाशाकडे तोंड करून थांबवावे लागतात. हे यंत्र वाचवण्यासाठी असतं. वळवाच्या दिवसांत हे वारंवार होतं. त्या वेळी कंट्रोल रूमला फोन करून ‘अजून किती वेळ’ विचारल्याने वारा लवकर पडत नाही आणि ऑपरेटरचं लक्ष मात्र विचलित होतं.

शेवटची तक्रार शोधनिबंधांची. ही दुर्बीण वापरून लिहिलेल्या निबंधात कर्मचाऱ्यांचे आभार मानणारं वाक्य घालावं, अशी वापरकर्त्यांना विनंती असते. काहीजण विसरतात, बाकीचे ठरलेलं वाक्य जसंच्या तसं चिकटवतात. त्या वाक्यात ‘कर्मचारी’ हा एकच शब्द असतो. त्या शब्दात ४५ मीटरच्या तबकडीवर चढून संकेत टिपणाऱ्या फीडचं काम करणारे आहेत, सर्वोचे आहेत, फायबरचे आहेत, मध्यरात्री जनरेटर बघणारे आहेत, जाळीची तुटलेली तार बदलणारे आहेत, गेटवर फोन जमा करून घेणारे आहेत. माझी मागणी आहे की निदान विभागांची नावं लिहावीत. जागा अपुरी पडत असेल तर प्रस्तावनेतला विश्वाच्या उत्पत्तीवरचा पहिला परिच्छेद कमी करावा. मी वाचलेल्या बहुतेक निबंधांमध्ये तो सारखाच आहे.